हँडब्रेक दर दोन महिन्यांनी ढिला पडतो? लिव्हरचा नट आवळण्याआधी ड्रम उघडा

बडोदं सपाट आहे. हँडब्रेक नीट धरत नसला तरी इथे महिनोन् महिने पत्ता लागत नाही, कारण गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली की ती जागची हलत नाही. दोष उघडा पडतो तो चढावर. माझा पडला पावागडावर, माचीच्या पार्किंगमध्ये. लिव्हर ओढला, नऊ खटके वाजले, पायाचा ब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागच्या सीटवर आई बसली होती. “अहो, गाडी सरकतेय!” असं बायको ओरडली तसा मी परत ब्रेक दाबला. ती उतरून मागच्या चाकांना दगड लावेपर्यंत माझा पाय पेडलवरून हलला नाही.

याच हँडब्रेकची त्याआधीच्या सहा महिन्यांत तीनदा दुरुस्ती झाली होती. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये लिव्हरभोवतीचं रबरी कव्हर वर करायचे, आतला नट चार-पाच फेरे आवळायचे आणि म्हणायचे, “वायर खेंची दीधो, हवे वांधो नहि आवे.” दोन महिने वांधा यायचा नाही. मग सहाचे सात खटके व्हायचे, साताचे नऊ. तिसऱ्या खेपेला नटाचे आटे संपत आले होते. तुमच्याकडेही असंच चाललं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. हे मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डब्याला आतून धरणारा ब्रेक, असलेल्या गाड्यांबद्दल आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या याच प्रकारच्या. बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर घरी हात लावू नका. त्याला आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं, नाहीतर मोटर खराब होते.

नट आवळल्याने काय बिघडतं

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, हँडब्रेक निव्वळ तारेच्या ओढीवर. लिव्हर ओढला की केबल ड्रमच्या आतला एक दांडा ओढते. ड्रमला आतून दाबणारे दोन अर्धगोल तुकडे म्हणजे शू. हा दांडा मागच्या शूवर टेकवलेला असतो आणि मधल्या आडव्या पट्टीतून पुढच्या शूला ढकलतो. दोन्ही शू फाकले की ड्रम धरला जातो. केबलची चाल मर्यादित असते. शू ड्रमपासून जितके दूर, तितकी त्यातली जास्त चाल नुसतं अंतर कापण्यात जाते आणि धरायला कमी उरते.

शूवरचे लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारा थर, झिजत जातात तसं हे अंतर वाढतं. ते भरून काढण्यासाठी त्या आडव्या पट्टीवरच एक अ‍ॅडजस्टर बसवलेला असतो. कुठे दातेरी चक्री आणि स्क्रू असतो, कुठे खाचांची पट्टी. पायाचा ब्रेक दाबल्यावर शू फाकतात, पट्टी क्षणभर सैल पडते, आणि सैलपणा ठरावीक मापापेक्षा जास्त झाला की अ‍ॅडजस्टर एक दाता पुढे सरकून पट्टी तेवढी लांब करतो. गाडी चालवता चालवता हे आपोआप होत राहतं, म्हणून चांगल्या गाडीचा हँडब्रेक वर्षानुवर्षं तितक्याच खटक्यांवर धरतो.

आता लिव्हरपाशी नट आवळला की काय होतं ते बघा. केबल ताणलेली राहते आणि आतला दांडा मूळ जागी परत जातच नाही. पट्टीत जो सैलपणा यायला हवा तो हा दांडाच आधी भरून टाकतो. अ‍ॅडजस्टरला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो हलत नाही. लायनर मात्र झिजतच असतात. म्हणजे आज दोन खटके कमी झाले त्याच्या बदल्यात आपोआप जुळवून घेणारी सोयच बंद पडली. दोन महिन्यांनी परत ढिलाई येणार आणि आपण परत नट आवळणार. माझं ठाम मत आहे की आधी शू आणि मग केबल हा क्रम पाळला तर निम्म्याहून जास्त गाड्यांमध्ये केबलला हात लावायची वेळच येत नाही.

उघडण्याआधी घरच्या घरी तपासणी

खटके मोजा. किती हवेत ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं; लहान गाड्यांमध्ये साधारण पाच ते आठ. मोजताना लिव्हर नेहमीच्या जोराने ओढा, लटकू नका.

मग पायाचा ब्रेक एकदा दाबून सोडा आणि लगेच परत दाबा. पहिल्यांदा पेडल खोल गेला आणि दुसऱ्यांदा बराच वर थांबला, तर मागचे शू ड्रमपासून दूर आहेत. माझ्या गाडीत अगदी हेच होत होतं, पण सहा महिन्यांत कुणीही पेडल दाबून पाहिला नव्हता. पेडल दाबताना स्पंजासारखा लागत असेल तर ब्रेकच्या तेलात हवा आहे आणि ते वेगळं काम आहे.

लिव्हर थोडाच वर येऊन कडक थांबतो, तरी गाडी सरकते? मग शूच्या अंतरापेक्षा केबलवर संशय घ्या. ती आवरणात गंजून अडकली की ओढ चाकापर्यंत पोहोचतच नाही. केबल ठीक असेल तर लायनरवर तेल आलंय किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झालेत. लिव्हर वर केल्यावर टिकत नसेल, हातातून निसटून खाली पडत असेल, तर लिव्हरच्या बुडाशी असलेला दाता झिजला आहे. तो कानशीने घासून धार लावू नका, लिव्हरचा पूर्ण सेट बदला.

लिव्हर खाली केल्यावरही चाक सुटत नाही अशी तक्रार असेल तर ब्रेक कमीत कमी वापरून आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ हाताचा तळवा न्या. टेकवू नका, भाजेल. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तेच अडकतंय.

आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा. हँडब्रेक सोडल्यावरही तो जळत राहिला तर लोक लिव्हरखालचा स्विच खराब झाला असं समजून सोडून देतात. बहुतेक गाड्यांमध्ये हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचंही सांगतो. आधी बॉनेट उघडून टाकी बघा. तेल कमी असेल तर ते कुठेतरी गळतंय किंवा लायनर आणि पॅड बरेच झिजलेत, आणि कारण सापडेपर्यंत गाडी काढायची नाही.

गाडी उचलताना

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीचे पेव्हर ब्लॉक खचलेले असतात, त्यावर जॅक कलतो. मी जॅकखाली जाड फळी ठेवतो. हँडब्रेक सोडलेलाच लागणार आहे, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पहिला गिअर टाका. मागची चाकं ढकलणाऱ्या व्हॅनसारख्या गाडीत गिअर टाकला तर मागची चाकं फिरणार नाहीत, तिथे ती न्यूट्रलमध्ये आणि भरवसा पूर्णपणे ठोकळ्यांवर. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलली की लगेच लोखंडी स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही.

ड्रम काढण्याआधी लिव्हरपाशी जाऊन केबलचा नट पूर्ण सैल करा. काही गाड्यांमध्ये तो लिव्हरजवळ नसून खाली, दोन्ही केबल जिथे एकत्र येतात तिथे असतो.

काही लहान गाड्यांमध्ये ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. मधली टोपी काढून मोठा हब नट सोडावा लागतो आणि परत बसवताना तो ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे मोजलेल्या जोराने, आवळून त्याची कड ठोकून बंद करावी लागते. त्यासाठी नवीन नट आणि टॉर्क पाना जवळ नसेल तर एवढं काम गॅरेजकडून करून घ्या आणि बाकीचं तिथे उभं राहून तुमच्या सांगण्याप्रमाणे करून घ्या. बाकी गाड्यांमध्ये ड्रम नुसता चाकाच्या बोल्टवर बसवलेला असतो, पण गंजाने चिकटतो. मध्यभागाच्या गोल फटीत गंज सोडवणारं तेल फवारा आणि अर्धा तास थांबा. ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं दिसतील. त्यात बरोबर बसणारे दोन बोल्ट, बहुतेकदा आठ एमएमचे, आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने कडेवर मारू नका, बिडाला तडा जातो.

ड्रमच्या आत

रविवारी सकाळी भाच्याला हाताशी घेऊन मी डावं चाक उघडलं. ड्रम बाहेर आला आणि तो म्हणाला, “मामा, ही तर माती आहे!” खरंच माती होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या समा भागात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं आणि गाडी दोन दिवस चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. नंतर सर्व्हिस झाली, सीट काढून धुतल्या, गालिचे वाळवले, इंजिन ऑइल बदललं. ड्रम कुणीच उघडले नाहीत. नदीचा तो बारीक गाळ अ‍ॅडजस्टरच्या आट्यांत शिरून विटेसारखा घट्ट झाला होता. चक्री पक्कडीनेही फिरेना. म्हणजे पुरानंतर एकदाही ती हललेली नव्हती, आणि आम्ही तीन वेळा केबल ताणत बसलो होतो.

ड्रम उघडला की पहिलं काम धूळ. तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की कायमचा बसतो. मास्क लावा, ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने सगळं ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. लहान मुलांना आसपास फिरू देऊ नका.

पुसून झाल्यावर काही सोडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. एका वेळी एकच चाक उघडा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते आठवेनासं झालं की दुसरं चाक नमुन्यासाठी शाबूत असतं, फक्त तिथे सगळं आरशातल्यासारखं उलट असतं.

आता वरच्या व्हील सिलिंडरचे, म्हणजे तेलाच्या दाबाने शू फाकवणाऱ्या नळकांड्याचे, रबरी बूट बोटाने अलगद उचला. आत किंचित ओल चालते, थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. लायनरवर तेल आलं असेल तर ते काचपेपरने घासून किंवा पेट्रोलने धुऊन उपयोग नाही, गरम झालं की तेल परत वर येतं. असे शू टाकून द्यायचे, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचते. सिलिंडर बदलल्यावर ब्रेकमधली हवा काढावी लागते. तुम्ही ते आधी कधी केलं नसेल तर इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

लायनर कोरडे असतील तर त्यांची जाडी बघा. एक मिलिमीटरच्या आसपास उरली असेल किंवा रिव्हेटची डोकी वर यायला लागली असतील तर बदला. जाडी आहे पण पृष्ठभाग चकाकतोय, तर जाड काचपेपर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवून ती चमक उतरवा. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. त्याच्या पुढे गेलेला ड्रम लेथवर फिरवून आणायचा नाही, बदलायचा.

अ‍ॅडजस्टर सोडवून पूर्ण वेगळा करा. आटे तारेच्या ब्रशने घासा, ब्रेक क्लीनरने धुवा, आणि चक्री दोन बोटांनी टोकापासून टोकापर्यंत फिरेपर्यंत सोडू नका. आटे खाल्ले गेले असतील तर नवा घ्या, महाग नसतो. डाव्या आणि उजव्या चाकाच्या अ‍ॅडजस्टरचे आटे बहुधा उलट दिशेचे असतात. अदलाबदल झाली तर तो शू जवळ आणायच्या ऐवजी दूर नेतो, म्हणून काढल्याबरोबर त्यावर खूण करा. आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच लावा. शू ज्या पाठीमागच्या प्लेटवर घासत सरकतात तिथल्या चकचकीत ठिपक्यांनाही तेवढंच. जास्त ग्रीस गरम होऊन लायनरवर उतरलं तर सगळी मेहनत वाया.

मागच्या शूवरचा हँडब्रेकचा दांडा हाताने हलवून बघा. त्याची पिन गंजली असेल तर ब्रेक ओढला जातो पण सुटत नाही. पावसाळ्यानंतर एक चाक गरम राहण्याचं कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे.

शेवटी केबल. दोन्ही टोकं मोकळी करून आतली तार हाताने ओढा. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे. खरखर लागत असेल किंवा आवरणाला चीर असेल तर पाणी आत गेलेलं आहे. वरून तेल सोडलं तर एखादा मोसम निघतो, पण गंज आतून तारेचे पदर खात राहतो. बदला, आणि शक्यतो दोन्ही बाजूंच्या. एक नवी आणि एक ताणलेली जुनी असली तर ओढ सारखी वाटली जात नाही.

परत जोडताना

शू आणि स्प्रिंगा जागेवर आल्या की केबल सैलच ठेवून अ‍ॅडजस्टर थोडा थोडा लांब करा आणि दर वेळी ड्रम घालून फिरवून बघा. ड्रम शूवरून जेमतेम सरकावा आणि फिरवताना बारीक ‘सुर्र’ असा आवाज यावा, हाताला अडवू नये. जास्त झालं तर दोन दाते मागे घ्या. दोन्ही चाकांचं असंच झालं की गिअर न्यूट्रलमध्ये आणून, ठोकळे जागेवर ठेवून इंजिन चालू करून पेडल पंधरा-वीस वेळा नीट दाबा, म्हणजे शू मध्यावर बसतात. परत फिरवून तपासा.

केबलची पाळी आता. लिव्हर पूर्ण खाली असताना ड्रममधला दांडा आपल्या मूळ जागी टेकलेला हवा, तारेत किंचित ढिलाई हवी. नट त्याच बेताने आवळा. पहिल्या खटक्याला दोन्ही चाकं मोकळी फिरायला हवीत, दुसऱ्या-तिसऱ्याला घासायला लागावीत आणि पाच-सहाला हाताने फिरू नयेत. दोन्हीतलं एक चाक उशिरा धरत असेल तर केबल ताणू नका, त्या चाकाचा अ‍ॅडजस्टर परत बघा. माझ्या गाडीत शू जुळवल्यावर गॅरेजने आवळलेला नट जवळजवळ सगळा मागे घ्यावा लागला.

चाकाचे नट आधी तिरक्या क्रमाने हाताने, मग गाडी जमिनीवर आल्यावर पान्याने पूर्ण. पहिली चक्कर सोसायटीतल्या सोसायटीत, चालण्याच्या वेगाने, आणि पहिला ब्रेक पायाचा. चढावरची परीक्षा एखाद्या इमारतीच्या तळघराच्या रॅम्पवर घ्या. खाली कुणी नाही हे बघून, पाय पेडलच्या वरच ठेवून. उड्डाणपुलावर प्रयोग नको.

पाण्यातून आल्यावर

साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की पुढचे शंभर-दोनशे मीटर हळू जात पेडल हलका दाबत राहा, उष्णतेने लायनर सुकतात. तशीच ओली गाडी हँडब्रेक ओढून चार दिवस उभी केली तर शू ड्रमला गंजाने चिकटतात. सपाट जागी गिअर आणि चाकाला वीट पुरते. चिकटलेच तर इंजिनाचा जोर लावून फरफटू नका, त्यात लायनर पत्र्यापासून सुटून येतो. रिव्हर्समध्ये अलगद क्लच सोडून बघा, नाही सुटलं तर चाक काढून ड्रमच्या तोंडावर लाकडाचा तुकडा धरून गोल फिरत हातोडीने ठोका. आणि पुराच्या पाण्यात चाकं बुडाली असतील तर गाडी कितीही नीट चालत असो, त्याच महिन्यात मागचे दोन्ही ड्रम उघडून धुवा. आमच्या सोसायटीत त्या पुरात भिजलेल्या आणखी दोन गाड्या आम्ही नंतर उघडल्या, दोन्हींत तोच गाळ निघाला.

मी डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत महिन्याला एकदा खटके लिहितो. मार्च २०२५ मध्ये काम झालं तेव्हा सहा होते, तो पावसाळा जाऊन दिवाळी आली तेव्हाही सहाच. दिवाळीनंतर आईला घेऊन परत माचीला गेलो. गाडी चढावर लावली, लिव्हर ओढला, आणि बायकोने सवयीने आणलेला दगड डिकीतच राहिला.